आधी रद्द करायची तारीख, मग खोलीचा दर

मे महिन्यात मुंबईहून मालवणला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा खोलीची होते: एसी हवी की नको, समुद्र दिसतो का, नाश्ता धरलाय का. खरं तर सुरुवात रेल्वेपासून करावी. खोली पैसे टाकले की मिळते. कोकणच्या गाडीचं तिकीट तसं मिळत नाही आणि सहल बहुतेक वेळा तिथेच अडते. म्हणून खोली घेताना दराच्या आधी एकच गोष्ट पाहायची. आपली शंका ज्या दिवशी फिटणार, त्या दिवसानंतरही ती फुकट रद्द करता येते का?

एक कागद घ्या. सहल कशामुळे फिसकटू शकते ते लिहा आणि प्रत्येक कारणापुढे ते कधी कळेल ती तारीख टाका. मुलाचं प्रवेशाचं वेळापत्रक, ऑफिसची रजा, आजीची तब्येत. तब्येतीपुढे तारीख टाकता येत नाही, तिथे फुली मारा. मेच्या शेवटच्या आठवड्यात जाणार असाल तर पाऊसही लिहा. 2025 मध्ये तो 25 मेलाच तळकोकणात उतरला होता. शिवाय त्याच सुमाराला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ पावसाळ्यासाठी बंद होतात. मुलं त्यासाठीच निघाली असतील तर आठवडाभर आधी जाणं बरं.

आता रेल्वे. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, सुट्टीतल्या गाड्या बघता बघता भरतात आणि हातात वेटिंग उरतं. समजा, शुक्रवारी रात्रीची कोकणकन्या आहे आणि शनिवारी दुपारी 12 ला चेक-इन. चार्ट लागणार थेट शुक्रवारी दुपारी. इतक्या उशिरा बरीच हॉटेलं फुकट रद्द करू देत नाहीत. पण एसीचं तत्काळ गुरुवारी सकाळी 10 ला उघडतं, स्लीपरचं 11 ला. म्हणजे चेक-इनच्या 48 तास आधीपर्यंत मुभा असेल, तर गुरुवारी दुपारी 12 पर्यंत वेळ आहे. तत्काळ मिळालं तर जायचं, नाही मिळालं तर खोली सोडायची. मुभा 72 तासांची असेल तर बुधवारीच अंधारात निर्णय घ्यावा लागेल. दोन्ही जाहिरातींत ‘फ्री कॅन्सलेशन’ असंच लिहिलेलं असतं, पण आपल्या कामाची पहिलीच. (तत्काळसाठी रेल्वेचं खातं आधारशी आधीच जोडून ठेवा. ते काम सकाळी पावणेदहाला सुचून उपयोग नाही.)

तारीख ठरली की ॲप उघडा. फिल्टरमध्ये मोफत रद्द करण्याची खूण करा आणि एकाच खोलीचे दोन्ही दर शेजारी ठेवा, करासकट. दोन रात्रींचे परतावा नसलेल्या दराने 6000 आणि लवचिक दराने 6800 होत असतील, तर 800 रुपये त्या मोकळिकीचे. आठ सहलींतली एक रद्द होण्याइतकी शंका असली तरी हे 800 वसूल होतात. तिकीट कन्फर्म असेल आणि कागदावर फुली नसेल, तर मात्र स्वस्त दर बेधडक घ्या. लवचिक बुकिंग नेहमीच शहाणपणाचं, असं मला वाटत नाही.

पैसे भरण्याआधी अटींची ती बारीक ओळ उघडून वाचा. मुदतीची तारीखच नव्हे, तासही बघा. मुदतीनंतर एका रात्रीचं भाडं कापणार की सगळं? न कळवता गेलोच नाही तर काय? परतावा मूळ खात्यात येणार की ॲपच्या वॉलेटमध्ये? काही ॲप थोडे पैसे घेऊन रद्द करण्याचं संरक्षण वेगळं विकतात. ते पैसे सहसा परत येत नाहीत, तेव्हा तुलनेत तेही मिळवा. ‘आता बुक करा, पैसे नंतर’ असेल तर कार्डावरून पैसे कोणत्या दिवशी जाणार ते टिपून ठेवा.

कोकणातली निम्मी मजा घरगुती निवासांत आहे आणि तिथे ॲपचे नियम चालत नाहीत. फोन होतो, यूपीआयने ॲडव्हान्स जातो आणि अडचण आली की कळतं, ‘पैसे परत नाहीत, तारीख बदलून देऊ.’ यात त्यांचं चुकत नाही. चार खोल्यांच्या घरात ऐन सीझनला एक खोली शेवटच्या क्षणी रिकामी राहिली तर ती भरायची कुणी? म्हणून ॲडव्हान्स पाठवण्याआधीच व्हॉट्सॲपवर विचारा:

‘नमस्कार काकू, शनिवार-रविवार दोन रात्री, चार माणसं. आमचं तिकीट वेटिंगला आहे. गुरुवारी दुपारपर्यंत नक्की कळवतो. तोपर्यंत रद्द केलं तर ॲडव्हान्स परत मिळेल का? नसेल तर पुढची तारीख किती महिन्यांपर्यंत चालेल, आणि तेव्हा दर हाच राहील ना?’

उत्तर लेखी येऊ द्या. ‘बघू, या तुम्ही’ हे उत्तर प्रेमाचं असलं तरी ते उत्तर नव्हे. पुन्हा विचारा.

बुकिंग झालं की अटींचा स्क्रीनशॉट काढा आणि मोबाइलमध्ये दोन गजर लावा, एक मुदतीच्या आदल्या संध्याकाळी, दुसरा दोन तास आधी. मधल्या काळात तीच खोली स्वस्त दिसली तर आधी नवी घ्या, मग जुनी सोडा, त्याच क्रमाने. मात्र ‘असू दे’ म्हणून तीन ठिकाणी खोल्या अडवून ठेवू नका. निदान छोट्या घरांत तरी नको.

रद्द करायचंच ठरलं तर जिथून बुक केलं तिथूनच करा. रिसेप्शनवरच्या मुलाने फोनवर ‘झालं, साहेब’ म्हटलं तरी ॲपमध्ये बुकिंग जिवंतच राहू शकतं. रद्द झाल्याचा मेल आणि त्यातली परताव्याची रक्कम पाहिल्याशिवाय फोन खाली ठेवू नका. फक्त तारीख हलवायची असेल तर आधी ‘बदल करा’ हा पर्याय दाबून नव्या तारखेचा दर आणि नवी मुदत दोन्ही बघा. कधी कधी नव्या तारखेला मुभाच नसते. घरगुती ठिकाणी मात्र मेसेजबरोबर फोनही करा, म्हणजे काकूंना ती खोली दुसऱ्याला देता येईल.

कार्डावर पैसे यायला आठवडाभर लागू शकतो. त्यानंतरही आले नाहीत तर ॲपकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या, आणि दाद लागली नाही तर तो क्रमांक व स्क्रीनशॉट हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन लावा.