ट्रॉलीच्या चाकांसाठी टॉर्क पान्याची निवड

मोहोपाडा परिसरात भात व पेंढा वाहणाऱ्या ट्रॉलीच्या चाकाचे नट सैल राहिल्यास चाक निखळून प्राणहानी संभवते. अति आवळल्यास बोल्ट ताणून तुटतो. म्हणून पान्यावर पाइप चढवून अंदाजाने आवळणे इष्ट नव्हे.

प्रथम माहितीपुस्तिकेतील आकडा पाहावा. तो पान्याच्या मापपट्टीच्या मध्यभागी यावा. तळच्या आकड्यांवर पाना तितका बिनचूक नसतो. उदाहरणार्थ, २०० न्यूटन-मीटरसाठी, म्हणजे एक मीटर दांड्याच्या टोकावर सुमारे २० किलो भार, ६० ते ३४० मापाचा पाना योग्य.

आटे स्वच्छ करून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत व थोड्या वाहतुकीनंतर पुन्हा तपासावेत. नट सोडविण्यास हा पाना वापरू नये. चार शेतकऱ्यांनी मिळून घेतल्यास खर्च परवडतो.