उतरणीची पूर्वतयारी

आपल्या जिल्ह्यांतील बालाघाटचे डोंगर फारसे उंच नाहींत. धाराशिवचीं लेणीं पाहून आलेल्या मुलाचे पाय क्वचितच दुखतात. परंतु तोच मुलगा महाराष्ट्रांतील सर्वांत उंच, १६४६ मीटर उंचीचें, कळसूबाईचें शिखर चढून आला, कीं दुसऱ्या दिवशीं घराच्या पायऱ्या उतरतांना भिंतीचा आधार घेतो. चढानें पाय मोडले, असें तो म्हणतो; वस्तुतः मोठा अपराध उतरणीचा असतो.

विहिरींतून भरलेली घागर वर ओढणें आणि तीच घागर दोर हळूहळू सोडीत खालीं नेणें, हीं दोन निराळीं कामें होत. चढतांना मांडीच्या पुढील बाजूचे स्नायु आंखडून देह वर उचलतात. उतरतांना तेच स्नायु लांबत असतांहि देहाचा भार तोलून धरितात. ह्या दुसऱ्या कामांत धाप कमी लागते, म्हणून तें सोपें भासतें. परंतु त्यांत स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा अधिक होते. वेदना एक ते तीन दिवसांत शिगेस पोंचते. दुग्धाम्ल सांचल्यानें पाय दुखतात, ही समजूत अद्यापि आढळते. पण तें विश्रांतीनंतर सुमारें तासाभरांत ओसरतें. मग दुसऱ्या दिवसाच्या वेदनेचें तें कारण कसें असेल? थिओडोर हफ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९०२ सालींच स्नायूंतील सूक्ष्म फाटाफुटीकडे बोट दाखविलें होतें.

सुदैवाची गोष्ट ही, कीं असें काम एकदां बेतानें केलेले स्नायु पुढें कांहीं आठवडे त्याच श्रमांना अधिक समर्थपणें तोंड देतात. म्हणून सहलीपूर्वीं सहा आठवडे तयारी आरंभावी. आठवड्यांतून दोन-तीन दिवस, मध्यें एक दिवस विश्रांति ठेवून, बैठका काढाव्या. मात्र झपाट्यानें नव्हे. चार अंक मोजीत सावकाश खालीं जावें व मग उठावें. प्रथम आठ-आठांचे दोन फेरे पुरेत. पुढें पायरीवर उभें राहून एक पाय हळूहळू खालीं टेकण्याचा अभ्यास करावा.

प्रत्यक्ष डोंगर उतरतांना पावलें आंखूड टाकावीं, गुडघे किंचित् वांकलेले ठेवावे व हातीं काठी असावी. थकलेला पाय अचूक पडत नाहीं. म्हणून सर्व शक्ति शिखरावरच खर्चूं नये.

पालकांस एक विनंती. शिस्तीच्या नांवाखालीं मुलांकडून एकदम शंभर-दोनशें उठाबशा काढविणें हा व्यायाम नव्हे. संवय नसलेल्या स्नायूंची त्यानें इतकी हानि होऊं शकते, कीं मूत्रपिंडांवर संकट येतें. अतिश्रमानंतर पाय सुजले, असह्य दुखूं लागले किंवा लघवी काळसर झाली, तर विनाविलंब डॉक्टरांस दाखवावें. बळ थोडें थोडें जमवावयाचें असतें. तें एका दिवसांत वसूल करतां येत नाहीं.