जुन्या मोटरसायकलीतील वीज : दोष शोधण्याची रीत

वसतिगृहाच्या दाराशी उभी असणारी जुनी मोटरसायकल अनेक माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. बाजारहाट, टपाल आणि रात्री-अपरात्री आजारी मुलाला ग्रामीण रुग्णालयात पोहोचविणे, ही कामे तिनेच केली. गेल्या पावसाळ्यात सहावीतील एक मुलगा तापाने फणफणला असता आम्ही किल्ली फिरविली. पण दिवा लागला नाही, हॉर्न वाजला नाही, इंजिनही सुरू झाले नाही. शेजारच्या शेतकरी बांधवाने आपली गाडी काढली, म्हणून मुलगा वेळेवर पोहोचला.

त्यापूर्वीच्या वर्षभरात आम्ही दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या होत्या. दोन्ही वेळा कोणीतरी ‘बॅटरी गेली’ म्हणाले आणि आम्ही न तपासता ते मान्य केले. पुराव्यावाचून निष्कर्ष काढू नये, असे वर्गात शिकविणाऱ्यांना ही गोष्ट शोभणारी नव्हती. पुढे आय.टी.आय. झालेल्या आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने मल्टिमीटर हाती देऊन आम्हांस जी रीत शिकविली, ती येथे नोंदवीत आहोत.

प्रथम रचना समजून घ्यावी. इंजिन फिरले की मॅग्नेट कॉइलमध्ये वीज निर्माण होते. हे तत्त्व बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेल्या मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. रेग्युलेटर-रेक्टिफायर त्या विजेला एकदिश व मर्यादित करतो आणि ती बॅटरीत साठते. शिसे-आम्ल बॅटरी गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. परतीचा मार्ग गाडीच्या सांगाड्यातून असतो. त्यालाच ‘अर्थ’ म्हणतात. या साखळीचा कोणताही दुवा सैल झाला, तरी दोष बॅटरीचाच भासतो.

तपासणी पुढील क्रमाने करावी. आकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आहेत. ६ व्होल्टच्या गाडीसाठी ते निम्मे धरावेत.

१. बॅटरी : चार्ज करून काही तास स्थिर ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब हवा. हॉर्न दाबताच तो १० च्या खाली कोसळला, तर बॅटरी खरोखर दुबळी आहे.

२. फ्यूज : डोळ्यांनी पाहून भागत नाही. किल्ली चालू ठेवून त्याच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी गुंडाळू नये. वायरिंग पेटण्याचा धोका असतो.

३. चार्जिंग : इंजिन मध्यम वेगाने चालू असता बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. १५ च्या वर गेल्यास संशय रेग्युलेटरवर घ्यावा. दाब वाढतच नसेल, तर कॉइल, रेग्युलेटर व मधले जोड तपासावेत.

४. अर्थ : इंजिन व हॉर्न चालू असता मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरे सांगाड्याच्या उघड्या धातूला लावावे. ०.२ व्होल्टहून अधिक दाब दिसला, तर जोड खराब समजावा.

आमच्या गाडीत चालू इंजिनावरही बॅटरीवर १२.४ व्होल्टच मिळत होते. रेग्युलेटरच्या तोंडाशी मात्र १४.२. उरलेले १.८ व्होल्ट चौथ्या तपासणीत सापडले. बॅटरीची अर्थ वायर ज्या बोल्टाला जोडली होती, तो गंजला होता. वीज तयार होत होती, पण बॅटरीपर्यंत पुरती पोहोचत नव्हती. या गाडीत ठिणगीही बॅटरीवरच अवलंबून असल्याने इंजिनही मुके झाले. दोन्ही बॅटऱ्या निर्दोष होत्या. त्या उपाशी राहिल्या होत्या.

पॉलिश पेपरने बोल्ट घासला, जोड घट्ट केला, वर व्हॅसलिन लावले. खर्च काहीच आला नाही. देणगीदारांच्या पैशांतून घेतलेल्या दोन बॅटऱ्यांची रक्कम मात्र परत आली नाही.

एक सूचना : जुन्या १०० सी.सी.च्या अनेक गाड्यांत हेडलाइट थेट कॉइलवर चालतो. इंजिन मंद असता तो मंदावणे हा दोष नव्हे.

आता मल्टिमीटर प्रयोगशाळेच्या कपाटात असतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नववीचे विद्यार्थी आळीपाळीने चारही मोजमापे घेऊन वहीत लिहितात. आकडा घसरू लागला की गाडी बंद पडण्यापूर्वीच आम्हांस कळते.