नाते आणि दाखला

माझी आत्या जन्माने नवेगाव बांधची. लग्नानंतर ती अमेरिकेत गेली व पुढे तेथील नागरिक झाली. आपल्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, तेथे कायमचे बोलावून घ्यावे अशी तिची फार इच्छा. अर्ज तिने तेथून करायचा आणि नात्याचे पुरावे आम्ही येथून पाठवायचे, असे ठरले. घरात कॉलेजात जाणारी मी एकटीच. तेव्हा काम माझ्याकडे आले. त्यातून जे शिकले ते इतरांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कायदा पाहू. १९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि कौटुंबिक नात्याला मोठे स्थान दिले. मात्र त्यातील 'कुटुंब' आपल्यापेक्षा लहान आहे. नागरिकाला जोडीदार, मुले, आईवडील व भावंडे यांच्यासाठी अर्ज करता येतो. एका ताटात जेवून वाढलेला चुलतभाऊ त्यात बसत नाही. अर्जाचा नमुना आय-१३०. भावासाठी अर्ज करताना बहीण व भाऊ दोघांचेही जन्मदाखले जोडावे लागतात, आणि त्यांवरून दोघांची आई किंवा वडील एकच असल्याचे दिसावे लागते.

येथेच आमची गाडी अडली. बाबांचा दाखला ग्रामपंचायतीत मिळाला. आत्याचा जन्म मात्र १९६६ चा, आणि जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधी आपल्या भागात जन्माची नोंद कोतवाल पंजीत होत असे. तिची नक्कल काढली. तारीख होती, आजोबांचे नाव होते, आणि पुढे एकच शब्द: 'मुलगी'. आत्याचे नाव नाही, आजीचेही नाही.

मराठी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर द्यावे लागते. 'हे भाषांतर पूर्ण व बरोबर आहे आणि मला दोन्ही भाषा येतात' असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचे असते. हे भाषांतर मीच केले. 'मुलगी'च्या जागी आत्याचे नाव घालावे, असा मोह झाला. खोटे तर नव्हतेच ते! पण मूळ कागदात नाही ते भाषांतरात येता कामा नये. जेथे नोंद अपुरी असते, तेथे दुय्यम पुरावा देता येतो. आम्ही आत्याचा शाळा सोडल्याचा दाखला जोडला. शिवाय तिचा जन्म ठाऊक असलेल्या दोन वृद्ध नातलगांची प्रतिज्ञापत्रे केली. माहेरचे व सासरचे नाव एकाच व्यक्तीचे आहे हे कळावे, म्हणून विवाहाचा दाखलाही दिला.

आता रांगेविषयी. भावंडांच्या वर्गाला वर्षाला ६५,००० व्हिसा मिळतात. शिवाय कोणत्याही एका देशाला कौटुंबिक व नोकरीच्या व्हिसांपैकी साधारण ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. त्यामुळे २०२४ सालाअखेर भारतीयांच्या रांगेत २००६ च्या आरंभापर्यंतच्याच अर्जांची पाळी आली होती. भावासोबत त्याची पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले जाऊ शकतात. २००२ च्या एका कायद्याने अर्जाच्या तपासणीत गेलेला काळ मुलांच्या वयातून वजा होतो. मंजुरीनंतर रांगेत गेलेला काळ होत नाही. मी आज १९ वर्षांची आहे.

हे वाचून दाखवले तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तुझं काही खरं नाही. मग एवढी धडपड कशाला करतेस?"

मी म्हटले, "बाबा, अर्ज आत्याचा आहे."

पाळी येईल तेव्हा बाबा सत्तरीत असतील. ते जातील की नाही, कोण जाणे. पण मित्रमैत्रिणींनो, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जन्माच्या नोंदी आजच पाहून ठेवा; साक्ष देणारी माणसे कायमची नसतात. आमच्या दोन साक्षीदारांपैकी एक आजी या पावसाळ्यात गेल्या. आजीचे आणि आत्याचे नाव मायलेकी म्हणून एकत्र लिहिलेला आमच्या घरातला पहिला कागद, त्यांच्या अंगठ्याचा आहे.