ठोके वरखाली होतात तेव्हा

अगं, एनएसटी, म्हणजे बाळाचे ठोके टिपायची तपासणी, करताना त्या मशीनच्या आकड्याकडे टक लावून बसायचं नसतं, हे तुला आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं. १४२, मग १२८, मग एकदम १६५, आणि मधेच नुसती खरखर. पहिलटकरणीच्या पोटात गोळा येणारच. पण आकडा हलतोय, हे चांगलंच आहे. दिवस भरत आलेल्या बाळाचे ठोके साधारण मिनिटाला ११० ते १६० च्या दरम्यान असतात आणि बाळ हललं की चढतात. डॉक्टर तेच तर शोधत असतात: वीस मिनिटांत निदान दोनदा ठोके पंधराने वाढले का, आणि ती वाढ पंधरा सेकंद टिकली का. काळजी वाटते ती रेघ सपाट आली तर.

आणि ती खरखर? पोटावरच्या दोन पट्ट्यांपैकी एक ठोके टिपतो, दुसरा पोट कधी कडक होतं ते. बाळ वळलं की पहिल्याचा नेम चुकतो. सिस्टर येऊन पट्टा बोटभर सरकवतात की पुन्हा टपटप सुरू.

कधी ठोक्यांच्या आलेखाची पट्टी ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ आली, म्हणजे ठोक्यांची ती वाढ दिसली नाही, असंही म्हणतील. तो शब्द ऐकून लगेच रडू नकोस. बहुतेकदा बाळ झोपलेलं असतं. त्याची डुलकी वीस ते चाळीस मिनिटांची, कधी त्याहून लांबही. म्हणून वेळ वाढवतात, पोटावर बझर लावून त्याला उठवतात, तरी शंका राहिली तर सोनोग्राफी करून बाळाची हालचाल आणि पाणी बघतात. बाळाच्या फुफ्फुसांसाठीची इंजेक्शनं घेतली असशील, तर पुढचे दोन-तीन दिवस पट्टी जरा सुस्त दिसू शकते. पण म्हणून घरी मात्र हालचाल कमी वाटली तर ‘इंजेक्शनामुळे असेल’ म्हणून बसू नकोस, दाखवून ये. तपासणीला जाताना उपाशी जाऊ नकोस, आधी लघवीला जाऊन ये आणि उताणी न झोपता डाव्या कुशीवर कल. उताणं झोपलं की पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, तुलाच गरगरतं आणि बाळाचं रक्तही कमी पडतं.

आता मला खरं सांगायचंय ते नीट ऐक. एनएसटी चांगली आली म्हणजे बाळ त्या घडीला ठीक आहे. ती आठवड्याभराची हमी नव्हे. काल पट्टी छान आली आणि आज हालचाल मंदावली, तर आजच परत जायचं. घरात कुणीतरी म्हणेल, ‘शेवटी जागा उरत नाही, बाळ शांत होतंच.’ मायेनं म्हणतील, पण हे खरं नाही. नवव्या महिन्यात हालचालीची तऱ्हा बदलते. लाथांऐवजी लोळण, ताणणं, कोपर फिरवल्यासारखं वाटतं. पण हालचाल कमी व्हायला नको. माझा जीव तिळतिळ तुटतो तो त्या ‘बाळ शांत होतंच’ या वाक्यापायी, कारण ते ऐकून बायका सकाळची वाट बघत रात्र काढतात.

रोज एकच वेळ धर. जेवल्यावर डाव्या कुशीवर पड, मोबाइल बाजूला ठेव आणि मोज. दोन तासांत दहा हालचाली जाणवायला हव्यात. बहुतेकींना त्याआधीच जाणवतात. आकड्याइतकीच तुझ्या बाळाची रोजची सवय महत्त्वाची. ती मोडल्यासारखी वाटली तरी दवाखाना गाठ. पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं तरी तसंच. गाडी मिळेना तर १०८ ला फोन कर. आणि ठोके ऐकायचं ते छोटं यंत्र ऑनलाइन मागवू नकोस, बाई. त्यात तुझीच नाडी किंवा वारेतल्या रक्ताचा आवाज ऐकू येतो आणि माणूस निर्धास्त होऊन घरी बसतो.

बाळंतपणाच्या खोलीत ‘ठोके उतरले’ असं कुणी म्हणालं, तर तेवढ्यावरून सिझर ठरत नाही. कळेबरोबर ठोके खाली जाऊन लगेच सावरतात का, की कळ ओसरली तरी खालीच राहतात, यात फार फरक असतो. आधी तुला कुशीवर वळवतील, कळांचं सलाईन थांबवतील. ‘काय दिसतंय?’ असं विचारायला मुळीच संकोचू नकोस. नवऱ्यालाही हे आधीच सांगून ठेव, ऐन वेळी तुला बोलायचं सुचणार नाही.

माहेरी आलीस की डॉक्टर बदलतील, म्हणून जुनी फाइल सोबत आण. एनएसटीचा कागद उन्हात, गरम गाडीत राहिला की काळवंडतो किंवा पुसट होतो. फोटो काढून ठेव.

आज जेवण झालं की मोज आणि दहा किती वेळात झाल्या ते मला कळव. कमी वाटल्या तर मात्र मला मेसेज करत बसू नकोस. आधी नीघ, मला वाटेतून फोन कर.