यंत्राला न ओळखू येणारी बोटे

जबलपूर व आसपासच्या महाकोशल प्रदेशात विड्या वळण्याचा धंदा जुना आहे. घरोघरी स्त्रिया तेंदूची पाने कातरतात, त्यांत तंबाखू भरतात आणि सूत बांधतात. मजुरी हजार विड्यांमागे ठरते. त्यामुळे बोटांना उसंत नसते. वर्षानुवर्षांच्या या घर्षणाने बोटांच्या टोकांवरील सूक्ष्म रेषा झिजतात.

आता याच रेषांवर घरातील धान्य अवलंबून असते. स्वस्त धान्याच्या दुकानातील यंत्रावर बोट टेकले की, रेषा जेथे संपतात आणि जेथे त्यांना फाटे फुटतात, ते बिंदू यंत्र टिपते व आधार नोंदणीच्या वेळी घेतलेल्या ठशाशी ताडून पाहते. रेषा पुसट असल्यास पुरेसे बिंदू जुळत नाहीत. माणूस तोच असतो. परंतु यंत्र त्याला ओळखत नाही.

यावर उपाय आहेत. दहाही बोटे सारखी झिजत नाहीत; तेव्हा सर्वांत स्पष्ट ठसा देणारे बोट शोधून तेच वापरावे. बुबुळाची आकृती हातांच्या श्रमाने झिजत नाही; तिच्यावरूनही ओळख पटविता येते. त्वचेचा खालचा थर शाबूत असेल, तर विश्रांतीने रेषा पुन्हा उमटतात. पण रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईला विश्रांती परवडावी कशी? म्हणूनच, केवळ ठसा जुळला नाही या कारणावरून कोणाचे धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ साली राज्यांना कळविले. ही गोष्ट प्रत्येक शिधापत्रिकाधारकास ठाऊक असावयास हवी.

यंत्र सर्वांसाठी असेल, तर ते प्रथम सर्वांत झिजलेल्या हातांवर पारखून घेतले पाहिजे.