बाळ काचेत असताना

धानोरा तालुक्यातल्या एखाद्या गावी दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेले, दीड-पावणेदोन किलो वजनाचे मूल गडचिरोलीच्या जिल्हा महिला व बाल रुग्णालयात ‘काचेत’ दाखल होते, तेव्हा डॉक्टर-परिचारिकांचे सारे लक्ष साहजिकच त्याच्याकडे लागते. परंतु दाराशी ताटकळणारी ओली बाळंतीण आणि रोजी बुडवून व्हरांड्यात मुक्काम ठोकलेला बाप यांची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. त्यातून आईची भाषा गोंडी असली, तर तिचे प्रश्न ओठांवरच राहतात.

बाळाच्या इवल्या पावलाला बांधलेला लाल दिवा रक्तातला प्राणवायू मोजतो. बाळाने पाय झाडला, पट्टी सरकली, की यंत्र कर्कश वाजू लागते. परिचारिका पट्टी नीट बसवून पुढच्या बाळाकडे वळते, पण तेवढ्यात आईच्या काळजाचे पाणी झालेले असते. म्हणून, हे यंत्र का वाजले, आज वजन किती, दूध किती पचले, हे निःसंकोच विचारावे. तो तुमचा हक्क आहे.

चिंतेने पान्हा अडतो, आणि मग ‘हिच्या अंगावर दूधच नाही’ असा दोषही तिच्याच माथी येतो. वास्तविक दर दोन-तीन तासांनी हाताने काढलेले थोडेसे दूधही, बाळ चोखू शकत नसले तरी, नळीने वा वाटी-चमच्याने देता येते. त्याहून मोठा उपाय म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरणे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्यामुळे, सुरू झालेली ही कांगारू पद्धत जन्मानंतर लगेच अवलंबावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासूनची शिफारस आहे. तिने बाळाचा जीव वाचतो आणि आईचे मनही सावरते. बापानेही डॉक्टरांच्या अनुज्ञेने बाळाला असेच छातीशी घ्यावे.

याच धानोरा तालुक्यातील शोधग्रामहून डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावच्याच स्त्रियांना आरोग्यदूत करून घरोघरी नवजातांची शुश्रूषा केली, आणि त्या प्रयोगाने बालमृत्यू घटल्याचा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माझ्या मते त्या यशात औषधांइतकाच वाटा ओळखीच्या, आपली भाषा बोलणाऱ्या बाईचा होता. तेव्हा घरी परतल्यावर भेटीस येणाऱ्या आशाताईंना बाळाबरोबर स्वतःच्या मनाचेही सांगा. उदासी, निद्रानाश वा रडू दोन आठवड्यांत सरले नाही, तर मानसिक आरोग्यासाठीच्या १४४१६ या निःशुल्क ‘टेलिमानस’ क्रमांकावर बोला. स्वतःच्या वा बाळाच्या जिवाचे वाईट विचार मनात आले, तर क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळ गाठा.

घरच्या वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्या आईपुढे पायगुणाचा शब्दही काढू नका. तिला वेळेवर गरम भात-वरण पोचवा, आणि दोन तास निवांत झोपू द्या.